माणिकबाईंना आलेले अकरा धन्यवाद

मी एक ॲरे बोलतोय.

नाव परकं वाटलं तरी बिचकू नका. एका ओळीत मांडलेले खण, एवढाच माझा देह. प्रत्येक खणाला नंबर आणि प्रत्येक खणात एक माणूस. त्याचं नाव, गाव, रक्तगट, फोन नंबर आणि त्यानं शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख. मी रक्तदात्यांचा ॲरे आहे. अमरावती, अकोला, वलगाव, तिवसा, अचलपूर, अशा कुठकुठल्या गावांची माणसं माझ्यात शेजारी शेजारी बसली आहेत. त्यातले बरेचजण एकमेकांना ओळखतही नाहीत.

माझ्याआधी माझ्या जागी तीन वह्या होत्या. त्या अमरावतीच्या देवीदासजी इंगोल्यांच्या. देवीदासजी एसटीत कंडक्टर होते. तेहतीस वर्षं तिकिटं फाडली आणि त्या तेहतीस वर्षांत जो प्रवासी गप्पांत रमला, त्याला रक्तगट विचारून वहीत लिहून ठेवला. निवृत्त झाल्यावर दिवसभर फोनच. कोणाच्या बाळंतपणाला रक्त हवं, कोणाच्या ऑपरेशनला हवं. देवीदासजी चष्मा लावून वहीत बोट फिरवत बसायचे. बोट फिरता फिरता अर्धा तास जायचा.

अकोल्याचे शफीभाई त्यांचे जुने प्रवासी. गाद्या-रजया भरायचं त्यांचं दुकान. कापड घ्यायला ते अमरावतीला यायचे, तेव्हाची ओळख. त्यांची मुलगी निखत कम्प्युटरचं शिकलेली. देवीदासजींनी एकदा सरळ वह्या पिशवीत घातल्या आणि अकोल्याला जाऊन तिच्यासमोर ठेवल्या.

"बेटा, याचं काईतरी कर. माह्या बोटाले आता घट्टे पडून राहिले."

निखतनं आठ दिवसांत मला बनवलं. पहिल्या खणात तिनं देवीदासजींनाच बसवलं. आता माझ्याकडे मोजणी शून्यापासून सुरू होते. पहिला खण शून्याचा, दुसरा एकचा. तिनं हे कौतुकानं दाखवलं तर देवीदासजींचा चेहरा पडला.

"मले शून्यावर कावून बसवलं पोरी? मी काय बिनकामाचा हावो?"

"काका, इथं शून्य म्हणजे पयला नंबर."

"असं म्हन ना मंग!" ते खुलले आणि चहा सांगितला.

मग मी अमरावतीला, देवीदासजींच्या पुढच्या खोलीत आलो. शफीभाईंनीच एक जुना लॅपटॉप दिला होता, त्यात माझं बिऱ्हाड. सकाळी लॅपटॉप सुरू झाला की फाइलीतून एकेक माणूस येऊन आपापल्या खणात बसायचा आणि माझा दिवस सुरू व्हायचा.

माझी कामं दोनच, शोधणं आणि बदलणं. कोणी रक्त दिलं की रक्तपेढीतून देवीदासजींच्या फोनवर त्याचा नंबर यायचा. तो त्यांनी टाइप केला की शून्यापासून एकेका खणाशी थांबून विचारणं सुरू. हा नंबर तुमचा का? नाही. तुमचा का? नाही. जिथे जुळला त्या खणाचा नंबर हाती घ्यायचा, तिथली जुनी तारीख पुसून आजची घालायची. तारीख बदलली की त्या माणसाला आपोआप संदेश जायचा, "आपण रक्तदान केल्याबद्दल धन्यवाद." पुढे पुरुषाचं नाव तीन महिने आणि बाईचं चार महिने मी कोणाला दाखवत नसे, कारण तेवढी विश्रांती शरीराला हवीच.

ज्या कामाला वहीत अर्धा तास लागायचा ते मी डोळ्याची पापणी लवायच्या आत करायचो. देवीदासजी येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवायचे. मला थोडा गर्वही झाला होता, खोटं कशाला बोलू.

एप्रिलात वलगावला शिबिर झालं. त्या दिवशी शेवटचं नाव लागलं ते माणिकबाई खंडारे यांचं. वय अडतीस, गावात पिठाची चक्की, रक्तगट बी निगेटिव्ह. हा गट शंभरात एखाद्याचाच असतो. देवीदासजींना तर लॉटरी लागल्यासारखं झालं. पण तपासणीत माणिकबाईंचं हिमोग्लोबिन कमी भरलं, अकरा पूर्णांक आठ. साडेबाराच्या खाली रक्त घेत नाहीत. डॉक्टरांनी त्यांना परत पाठवलं.

माणिकबाई तिथंच खुर्चीवर बसून राहिल्या. मग देवीदासजींना म्हणाल्या, "भाऊ, अंकुरच्या बाळंतपनाच्या वक्ताले मी अचलपूरच्या दवाखान्यात मरता मरता वाचली. कोनीतरी बाटली देल्ली. कोन होतं, बाई का मानूस, आजवरी समजलं नाई. सोळा वर्सं झाले, ते देनं माह्या डोक्यावर हाय."

"तब्येत सुधरवा ताई. मी फोन करतो, पक्का."

त्यांचं नाव माझ्या शेवटच्या खणात बसलं. तारखेची जागा रिकामी. माझी माणसं झाली तीनशे बारा. त्यानंतर पाच महिने नवं शिबिर झालं नाही, म्हणजे माणिकबाईच शेवटी राहिल्या.

आणि देवीदासजींचा फोन काही त्यांना गेला नाही.

मे महिन्यात एके दिवशी माणिकबाईंच्या मोबाइलवर संदेश आला, "आपण रक्तदान केल्याबद्दल धन्यवाद." त्या चक्कीवर ज्वारी दळत होत्या. त्यांना वाटलं, शिबिराला आल्याबद्दलचा उशिरा आलेला निरोप असेल. आठ दिवसांनी दुसरा आला. मग तिसरा. त्यांनी उत्तर पाठवलं, "मी रक्त दिलेले नाही." पण तो संदेश मशीननं पाठवलेला, उत्तर वाचायला पलीकडे कोणी नव्हतंच. देवीदासजींना फोन करावा असं मनात यायचं, पण एकदा परत पाठवलेल्या माणसानं आपणहून कसं विचारायचं? बाई मानी होत्या.

घरात वेगळाच खेळ झाला. सासू गोदाबाईंना वाचता येत नव्हतं. नातू अंकुर मोठ्यानं संदेश वाचायचा. गोदाबाईंनी मनाशी पक्कं केलं की सून चोरून रक्त देऊन येते.

"किती देतं वो रगत? अंगात काई ठेवशीन का नाई?"

"आत्याबाई, मी नाई देल्लं."

"मशीन का खोटं बोलते?"

मग गोदाबाईंनी खाऊ घालायला घेतलं. गूळ-शेंगदाण्याचे लाडू, आंबाडीची भाजी, तिळाची चटणी, दुपारी बीट, संध्याकाळी खजूर. नाही म्हणायची सोय नव्हती, सासू समोर बसून ताट रिकामं करवून घ्यायची.

स्वातंत्र्यदिनाला तर ग्रामपंचायतीनं माणिकबाईंचा सत्कारच केला. शाल, नारळ, फोटो. अंकुरच्या तोंडून बातमी गावभर गेली होती, "नऊ वेळा रक्तदान". माणिकबाईंच्या हातात माइक आला तेव्हा त्या काकुळतीनं म्हणाल्या, "मी एकदाबी देल्लं नाई हो!" लोकांना वाटलं, काय विनय बाईचा! टाळ्या दुप्पट वाजल्या. त्या रात्रीचं जेवणही त्यांना गोड लागलं नाही. न केलेल्या पुण्याची शाल अंगावर टोचत होती.

मी हे सगळं नंतर ऐकलं. तेव्हा मला पत्ताही नव्हता की ते संदेश माझ्याकडूनच जात होते.

इकडे अजून एक गोष्ट खटकत होती. अचलपूरच्या रोहितला देवीदासजींनी फोन केला, तर तो पोरगा वैतागला. "काका, पंधरा दिवस नाई झाले देऊन, अन् तुमी परत बोलावून राहिले!" देवीदासजींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यात रोहितची तारीख सहा महिन्यांपूर्वीची होती. त्यांना वाटलं, टाळतो आहे. असे आणखी तीन-चारजण निघाले. माणसावर विश्वास ठेवावा की मशीनवर? देवीदासजींनी तेव्हा माझ्यावर ठेवला. त्याची मला आजही लाज वाटते.

सप्टेंबरात एका सकाळी तिवस्याच्या कुलदीपचा फोन आला. त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. मुलगी प्रणाली सात वर्षांची, तिला थॅलेसेमिया. अशा लेकरांचं शरीर स्वतःचं रक्त नीट बनवू शकत नाही, दर तीन आठवड्यांनी बाहेरून द्यावं लागतं. प्रणालीचा गट बी निगेटिव्ह.

"काका, आमी अमरावतीच्या दवाखान्यात हावो. हिचं हिमोग्लोबिन पाचवर आलं. रक्तपेढीत या गटाची एकबी बाटली नाई. जून-जुलैत आमी दोनदा नागपूरले नेली. आता नेनं होत नाई, ते मान टाकून राहिली."

देवीदासजींनी मला विचारलं. बी निगेटिव्ह माझ्याकडे तिघेच होते. एक पुण्याला नोकरीला गेलेला. दुसऱ्यानं महिन्यापूर्वी दिलेलं. तिसऱ्या माणिकबाई, आणि त्यांच्यापुढे तारीख होती परवाची. मी उत्तर दिलं, कोणीही उपलब्ध नाही.

देवीदासजी उठले, बसले, परत उठले. मग त्यांनी फोन उचलला. वाटलं, माणिकबाईंनी परवाच दिलंय, पण त्यांच्या माहेरचं कोणी या गटाचं असेल तर विचारून पाहू.

"ताई, मी देवीदास. तुमी परवाच रक्त देल्लं, ते मले दिसून राहिलं, पन..."

पलीकडून असा आवाज आला की फोन कानापासून दूर धरावा लागला.

"कोनी देल्लं? पाच महिने झाले तुमच्या फोनची वाट पायते मी! अकरा डाव धन्यवाद पाठवले, शाल घालून घेतली, अन् रगत एक थेंब नाई घेतलं कोनी! भाऊ, माही थट्टा कावून करून राहिले तुमी?"

देवीदासजींनी फोन परत कानाशी घेतला. मग एवढंच म्हणाले, "ताई, भांडन मंग करू. एक पोरगी हाय सात वर्साची. या."

माणिकबाईंनी चक्कीचा पट्टा उतरवला, दळणाच्या डब्यांवर फडकं टाकलं आणि अंकुरच्या गाडीवर मागे बसून पाऊण तासात दवाखान्यात पोचल्या. अंगावर पीठ तसंच. बोटातून थेंब घेताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. रक्ताची भीती नव्हती त्यांना. आकड्याची होती.

"तेरा पूर्णांक दोन," नर्स म्हणाली.

माणिकबाईंनी डोळे उघडले. "परत पाहा बरं."

"तेराच आहे ताई. काय खाता हो तुम्ही?"

"सासूचा मार खाते," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा मनापासून हसल्या.

रक्ताच्या तपासण्या होऊन संध्याकाळी बाटली प्रणालीला लागली. सकाळी पोरगी उठून बसली आणि पोहे मागितले. देवीदासजींनी ते फोनवर ऐकलं, डोळे पुसले, आणि लगेच अकोल्याला फोन लावला.

"निखत, तुह्या मशीनच्या पोटात काईतरी दुखून राहिलं. ये."

ती पहिल्या गाडीनं आली. देवीदासजींनी फोनमधले रक्तपेढीचे सगळे निरोप जपून ठेवले होते. कंडक्टरची सवय, जुना कागद फेकायचा नाही. निखत एकेक नंबर घेऊन माझ्याशी ताडत बसली. रोहितच्या नंबराशी येऊन ती थांबली. रक्तपेढीनं तो सुरुवातीला शून्य लावून पाठवला होता, माझ्यात तो बिनशून्याचा. माणसाला दोन्ही एकच वाटतील, मला ते वेगळे. म्हणजे रोहित मला सापडलाच नव्हता.

"मग तारीख गेली कुठं?" ती स्वतःशी पुटपुटली. आणि तिनं माझ्यासाठी लिहिलेल्या ओळी उघडल्या.

तिनं मला बनवताना लिहिलं होतं, शोधलेलं सापडलं नाही तर 'वजा एक' सांग. कॉलेजात शिकलेली रीत. 'वजा एक' नंबरचा खण नसतोच, म्हणून ती खूण. पण मी ज्या भाषेत लिहिला गेलो, त्या पायथनमध्ये 'वजा एक' म्हणजे शेवटून पहिला. मी 'सापडला नाही' म्हणून 'वजा एक' सांगायचो, आणि पुढची ओळ तोच खणाचा नंबर समजून शेवटच्या माणसाची तारीख बदलायची. माझ्या शेवटी माणिकबाई होत्या. अकरा माणसं मला सापडली नाहीत, अकराही वेळा तारीख त्यांच्या पदरात. निखतनं माझी परीक्षा घेतली होती खरी, पण माझ्यात असलेलेच नंबर घालून घेतली होती.

तिनं हे देवीदासजींना समजावलं. ते ऐकत राहिले आणि मग ताडकन म्हणाले, "म्हंजे परवासी सापडला नाई, तं त्याचं तिकीट मांगच्या शीटवर बसलेल्याच्या नावानं फाडलं!"

"हाव काका."

"मी असं केलं असतं तं मले सस्पेंड केलं असतं ना वो!"

निखत हसली नाही. तिनं दोन गोष्टी दुरुस्त केल्या. नंबर कसाही आला तरी शेवटचे दहा आकडेच जुळवायचे. आणि सापडला नाही तर कशालाही हात न लावता थांबायचं, लाल अक्षरांत सांगायचं, 'हा नंबर यादीत नाही'. मग अकरा तारखा एकेक करून ज्याच्या त्याच्या खणात घातल्या. अकराजणांना उशिराचे धन्यवाद गेले.

तेवढ्यात माणिकबाई आल्या, लाडवांचा डबा घेऊन. निखतनं उभं राहून सगळं सांगितलं.

"मंग ते अकरा परत घेतले का?"

"घेतले मावशी."

"आता माहावाला एक खरा पाठवा."

निखतनं त्यांचा नंबर टाइप केला. मी शून्यापासून निघालो, तीनशे अकरा नंबरच्या खणाशी थांबलो. हो, ह्याच. तारीख बदलली. माणिकबाईंच्या हातातला मोबाइल वाजला. तोच संदेश, तीच अक्षरं. त्यांनी तो वाचला आणि पदर डोळ्याला लावला.

तीन आठवड्यांनी कुलदीप आणि त्याची बायको रागिणी प्रणालीला घेऊन देवीदासजींकडे आले. माणिकबाईंना भेटायचं होतं. निखतही आली होती. प्रणाली माणिकबाईंच्या मांडीवर जाऊन बसली आणि गंभीरपणे विचारलं, "तुमी चक्कीवाल्या ना? मंग माह्या आंगात पीठ आलं असीन का?"

सगळे हसत होते. निखतचा चेहरा मात्र उतरलेला होता. देवीदासजींनी तिला डोळ्यानं खुणावलं, राहू दे. पण ती बोललीच.

"रागिणीताई, जून-जुलैत तुमी दोनदा नागपूरले गेले. तवा मावशी इथंच होत्या, वलगावले. माझ्या प्रोग्रामनं त्याईचं नाव दाखवलं नाई. चूक माझी होती."

रागिणी लेकीच्या केसांकडे पाहत राहिली.

"दुसऱ्या खेपेले हे पोरगी बसमधी बोलत नोती," ती हळू म्हणाली. "मी तिच्या नाकापुढं बोट धरून बसली होती."

निखतनं मान खाली घातली. कुलदीप खाकरला. "ब्रेक मी ढिला ठेवला अन् गिऱ्हाइकाले सांगितलं नाई, तं मी मेकॅनिक कायचा? या ताईनं सांगितलं."

"राग आला मले," रागिणी म्हणाली. "खोटं कायले बोलू? पन न सांगत्या तं मले कधी समजलंबी नसतं." मग तिनं निखतकडे सरळ पाहिलं. "तीनच होते ना या गटाचे? तिवस्यात शिबिर घ्या. मानसं मी जमवते. आजवर मी सगळ्याईच्या दारात मागाले गेली, आता यादीत बसवाले जाते."

ती बोलल्यासारखी वागली. दारोदार फिरली, बचत गटाच्या बायांना घेऊन आली, शाळेच्या मास्तरांना आणलं. एका दिवसात माझ्यात एकशे सहा माणसं वाढली. बी निगेटिव्हचे आणखी दोघं निघाले. आता मी चारशे अठरा माणसांचा आहे. शेवटच्या खणात कोण, हे विचारायची वेळ कोणावर येत नाही.

आता माझे दिवस थोडे उरलेत. माणसं वाढली, लॅपटॉप धापा टाकतो. पुढच्या महिन्यात निखत ही सगळी माणसं डेटाबेसमध्ये हलवणार आहे. तिथून अकोला आणि अमरावती, दोन्हीकडून एकाच वेळी शोधता येईल. परवा ती वडिलांना म्हणत होती, "अब्बा, पयले चारशे अठरा मोजून घेईन, मंगच याले बंद करीन." मला त्याचं वाईट वाटत नाही. मी खणच होतो, मोल त्यात बसलेल्या माणसांचं होतं, आणि ती सुखरूप पुढे जाणार आहेत.

जाताना एकच विनवणी. तुमच्याकडेही काही शोधूनही सापडलं नाही, तर मोकळ्या मनानं 'सापडलं नाही' म्हणा. जो गप्प शेवटी बसला आहे त्याच्या नावावर ते टाकून मोकळे होऊ नका. आणि वलगाववरून कधी गेलात, तर चक्कीवर थांबा. जानेवारीत माणिकबाईंचे चार महिने भरतात. गोदाबाईंनी तिळाचे लाडू आत्तापासूनच वळायला घेतलेत.